दिव्याला नीळ

वेलणगडचे बजाजीराजे चुकीच्या माणसासाठी उठून उभे राहिले, आणि तिथून सगळं बिघडलं.

चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ चालला होता. पांढऱ्या पडद्यामागे दिवा, दिव्यापुढे रंगवलेल्या बाहुल्या, आणि पडद्याच्या अलीकडे राजे, दरबार आणि पाहुणे आलेले व्याही. वेलणगडची रीत अशी की, पडद्यावर राम आला की राजांनी उठून हात जोडायचे. मुकुट दिसला, धनुष्य दिसलं, काळंसावळं अंग दिसलं. राजे उठले. राजे उठले म्हणून सगळा दरबार उठला. तोच पडद्यामागून खेळ करणाऱ्या बाबुल ठाकराचा आवाज आला, "मी रावणपुत्र इंद्रजित!"

व्याही तेवढे बसून होते. ते मिशीतल्या मिशीत हसले.

राजांनी खेळ तिथेच थांबवला आणि बाबुलला पुढे बोलावलं. बाबुल हात जोडून उभा राहिला. दिवा सांभाळायला त्याची लेक केवडी असे, तीच दोन बाहुल्या घेऊन पुढे झाली आणि मशालीच्या अगदी जवळ धरून दाखवू लागली. राम निळा, इंद्रजित हिरवा. पण दोन्ही रंग गडद, आणि दिव्याचा उजेड पिवळा. पडद्यावर दोघेही काळेच दिसतात. त्यात मधोमध ज्योत डोळ्यांत भरते आणि कडेच्या बाहुल्या अंधारात राहतात.

"म्हणजे चूक आमची नाही, दिव्याची," राजे म्हणाले.

"दिव्याचीच, महाराज."

"मग दिव्याला सुधार. उद्या पुन्हा हाच खेळ. रंग दिवसाउजेडी दिसतात तसे दिसले पाहिजेत. दिवा मात्र रीतीप्रमाणे एकच, आणि तेल देवळातून मिळतं तेवढं पळीभरच. नाही जमलं तर तुमचा बाहुल्यांचा पेटारा आमच्या कोठारात जाईल. कायमचा."

घरी येताना बाबुलचे पाय ओढत होते. तो पेटारा त्याच्या पणजोबांचा. त्यावरच घर चाले. "केवडे, पेटारो गेलो तर आपण खेळ कसलो करूचो?" तो पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला. केवडीने त्याला गप्प राहायला सांगितलं.

सकाळी ती ओढ्यावर पाणी भरायला गेली, तर चंद्रा परटीण राजांची धोतरं धूत होती. जुनी धोतरं पिवळी पडलेली. चंद्राने ती निळीच्या पाण्यातून काढली, पिळली आणि झटकली, तशी ती पांढरीशुभ्र झाली.

केवडीने घागर तिथेच ठेवली. "काकी, पिवळेपणा गेला कुठे?"

"नीळ खाते त्याला. चिमूटभरच घालायची हो, जास्त झाली की राजे निळे दिसतील."

केवडी चिमूटभर नीळ मागून घेऊन पळत घरी आली. पातळ कागद तिने निळीच्या पाण्यात बुडवून वाळवला. दुपारी देवळातून पळीभर तेल मिळताच त्यातलंच थोडं काढून कागदाला चोळलं, घरातच पडदा बांधला आणि कागद दिव्यापुढे धरला. ज्योतीचा डोळा मिटला. उजेड कडेपर्यंत सारखा पसरला, पिवळेपणाही उतरला. पण सगळं मंद झालं. निळीने पिवळ्याबरोबर उजेडही खाल्ला होता.

बाबुलने कपाळाला हात लावला. केवडीने मागे वळून पाहिलं. पडदा मंद होता आणि मागची भिंत मात्र लख्ख उजळली होती. ती उठली ती थेट राजवाड्याच्या मुदपाकखान्यात गेली. तिथे नुकतीच कल्हई लावलेली मोठी परात चांदीसारखी चकाकत होती. आचारी ती द्यायला तयार नव्हता. उद्या व्याह्यांच्या पुरणपोळ्यांची कणीक कशात मळू, असं तो ओरडत होता. केवडीने खेळ संपताच परत आणून देते असं सांगितलं, आणि परात डोक्यावर घेऊन निघालीसुद्धा.

संध्याकाळी दरबार भरला. परात दिव्यामागे उभी होती, कागद पुढे होता. पडदा उजळला तसे लोक पुढे सरकले. मुकुट आला, धनुष्य आलं. राजे सवयीने अर्धे उठले, त्यांनी नीट पाहिलं आणि ते पुन्हा बसले. अंग हिरवंगार होतं. मग राम आला, निळा, पीतांबराच्या काठासकट. राजे ताठ उठले. या वेळी व्याहीही उठले.

पण कारभारी दाजीबांना ते पटेना. एका दिव्याचा एवढा उजेड पडेलच कसा, दुसरा दिवा लपवलाय, म्हणत ते पडद्यामागे शिरले. दिवा एकच निघाला. मग त्यांनी कागद चिमटीत धरून आणला. "महाराज, याला तेल लावलंय. जास्तीचं तेल!"

"पळीतलंच काढलंय," केवडी म्हणाली. "आज दिव्यात रोजच्यापेक्षा कमी आहे. बघून घ्या."

राजे पुढे वाकले. "कमी तेलात जास्त उजेड? आणलास कुठून?"

"कुठून नाही, महाराज. रोज अर्धा उजेड मागच्या भिंतीवर पडायचा. भिंतीला काही खेळ बघायचा नव्हता. परातीने तो इकडे वळवला."

दरबारात खसखस पिकली. राजांना मात्र अजून व्याह्यांची कालची मिशी आठवत होती. त्यांनी डोळे बारीक केले. "आता खरं सांग. काल आम्ही इंद्रजितासाठी उठलो, तेव्हा तुम्ही पडद्यामागे हसलात की नाही?"

बाबुलने डोळे मिटून घेतले. हो म्हणावं तर पेटारा जाणार, नाही म्हणावं तर खोटं.

"आम्ही कसले हसतो, महाराज," केवडी म्हणाली. "इंद्रजितच गांगरला होता. त्याच्यासाठी लंकेत त्याचा सख्खा बापसुद्धा कधी सिंहासनावरून उठला नव्हता!"

मग राजे हसले. पोट धरून हसले, व्याह्यांच्या खांद्यावर हात आपटून हसले. खांद्यावरचा शेला काढून त्यांनी केवडीच्या हातात दिला, पेटारा तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राहील असं सांगितलं, आणि वर ती परातही तिलाच देऊन टाकली.

दाराशी उभा असलेला आचारी मटकन खाली बसला.