वाटेचे पाणी

सीना नदीपासून कोसभर आत, काळ्या खडकावर वसलेल्या खडकमाळ गावी लूकबाबांचे वास्तव्य होते. बाबा काही दीक्षित पाळक नव्हते. मिशनच्या शाळेत त्यांनी जन्मभर शिपायाची नोकरी केली आणि मग ते उपासनामंदिरामागच्या खोलीत राहू लागले. पहाटे घंटा वाजवावी, आवार झाडावे आणि गावातल्या एकेकाचे नाव घेऊन प्रभूपाशी मागणे मागावे, हाच त्यांचा दिनक्रम. इतर धर्मांच्या घरांतूनही लोक येत आणि आपल्या आजाऱ्याचे नाव बाबांच्या कानी घालून जात.

आवारात एक विहीर होती. पाणी थंडगार, पण फार जड. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. तरीही गावाची एक रीत होती. कोणी महत्त्वाच्या कामाला परगावी निघाले, की घरातल्या वडीलधाऱ्याने त्या विहिरीचे पाणी शेंदून बाटलीत भरायचे आणि बाबांनी त्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. याला म्हणत वाटेचे पाणी.

रिबका उमाप रसायनशास्त्रात पदवीधर झाली त्याला दीड वर्ष झाले होते. पाच मुलाखती झाल्या, पाचही वाया गेल्या. दर शुक्रवारी ती उपास करून बाबांबरोबर प्रार्थनेला बसे. आता तालुक्याच्या दूधप्रक्रिया कारखान्यातून सहावे बोलावणे आले होते. वडील हयात नव्हते, त्यामुळे घरातला शब्द स्तेफनमामांचा. मामा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, ख्रिस्ती असूनही नाताळखेरीज मंदिराची पायरी न चढणारे. त्यांनी आईला बजावले होते, "या खेपेला नाही जमलं, तर पोरीला पुण्याला माझ्या सुनेकडे पाठव. नातवंडं सांभाळेल. पदवी काय, फ्रेममध्ये छान दिसते."

निघायच्या सकाळी पाणी शेंदायला मामांनाच यावे लागले. त्यांनी बादली वर ओढली, रिबकाची स्टीलची बाटली भरली आणि हसत म्हणाले, "बाबा, ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्यात हिचं नशीब कसं शिजायचं?"

"डाळ तुझी बहीण बघेल, स्तेफन," बाबा म्हणाले. "आपण मागायचं काम करू."

"मागून मिळतं तर चिठ्ठ्या कशाला लागतात हो? ही आमदाराची चिठ्ठी नको म्हणते. अन् या विहिरीच्या पाण्यात लिटरला सातशे बारा मिलिग्रॅम क्षार. हिनंच कॉलेजात मोजलेत. विचारा."

"आहेत तेवढे," रिबका खाली बघत म्हणाली. तिला खोटे बोलता येत नसे.

बाबांनी बाटलीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि इतकेच म्हणाले, "प्रभो, लेकरू तुझं आहे. वाट तूच हो." मग मामांकडे वळून म्हणाले, "झाकण तूच लाव. घट्ट लाव." मामांनी ते ताकद लावून आवळले.

कारखान्यात अकरा उमेदवार होते आणि यादीत रिबकाचे नाव शेवटचे. परीक्षा प्रात्यक्षिकाची होती: बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात क्षार किती, ते मोजून सांगायचे. त्यासाठी लागणारे द्रावण ज्याने त्याने शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्यात बनवायचे. रिबकाची पाळी आली आणि तिने शुद्ध पाण्याच्या कॅनचा नळ उघडला, तर त्यातून फक्त दोन थेंब पडले.

"संपलं की," मदतनीस गजाननभाऊ म्हणाले. "नवीन व्हायला दोन तास लागतील. मॅडम तर साडेचारला निघतात. नळाचं घ्या, ताई, अन् टाका कायतरी आकडा."

घड्याळात पावणेचार झाले होते. नळाच्या पाण्यात क्षार. त्यात केलेले द्रावण आधीच बिघडलेले. आकडा आला असता, पण खोटा. रिबकाच्या डोळ्यांपुढे मामांच्या सुनेचे पुण्याचे स्वयंपाकघर उभे राहिले. ती टेबलाची कड धरून मनात म्हणाली, "प्रभू, मला खोटा आकडा लिहायला लावू नकोस. बाकी तुझी इच्छा." तिला तहान लागली होती. तिने बाटली काढली, महत्प्रयासाने मामांनी आवळलेले झाकण उघडले. ओठांशी नेली आणि थांबली. का थांबली, हे तिला पुढेही कधी सांगता आले नाही.

तिने थोडे पाणी काचेच्या चंचुपात्रात ओतले, त्यात बफर आणि निर्देशकाचे थेंब टाकले. क्षार असले की हा निर्देशक द्राक्षारसासारखा लाल होतो; शुद्ध पाण्यात निळा राहतो. सातशे बाराचे पाणी गडद लालच व्हायला हवे होते.

ते निळे राहिले, आभाळासारखे निळे.

तिने भांडे बदलले, पुन्हा केले. निळेच. निर्देशक बिघडला असेल म्हणून नळाच्या पाण्यात टाकून पाहिला. ते लगेच लाल झाले. बाटलीचे पाणी तिसऱ्यांदा तपासले. निळे! तिने तिन्ही निकाल वहीत लिहिले. मग त्याच पाण्यात तिने द्रावण केले, मोजणी केली आणि साडेचारला पाच मिनिटे कमी असताना प्रयोगशाळेच्या प्रमुख वैशंपायन मॅडमपुढे कागद ठेवला.

"बरोबर आहे आकडा," मॅडम म्हणाल्या. "बाकी कोणाचा इतका जवळ नाही."

"मॅडम, एक सांगायचंय. शुद्ध पाणी संपलं होतं. मी आमच्या गावच्या विहिरीचं वापरलं."

मॅडमनी चष्मा काढला. "विहिरीचं? न तपासता?"

"तीनदा तपासलं. वहीत लिहिलंय. कसं झालं ते मला माहीत नाही."

मॅडम उठल्या, त्यांनी बाटलीतले पाणी स्वतः तपासले. ते निळेच राहिले. "मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण न विचारता खरं सांगणारं माणूस मला या प्रयोगशाळेत हवं होतं. सोमवारी या."

संध्याकाळी मामांनी ओट्यावरच विचारले, "कोणाचा वशिला लावलास?" रिबकाने बाटली पुढे केली आणि घडले ते सांगितले. मामा खो खो हसले. आतून पाणी तपासण्याच्या साहित्याचे जुने लाकडी खोके आणले. "चल विहिरीवर. बाबांसमोरच दाखवतो."

विहिरीच्या काठावर त्यांनी दोन परीक्षानळ्या ठेवल्या. एकीत ताजे शेंदलेले पाणी. ते लालभडक झाले. "बघा, सातशे बारा," मामा म्हणाले. दुसरीत बाटलीतले उरलेले. त्यांनी थेंब टाकला, नळी हलवली, उजेडाकडे धरली. पुन्हा थेंब टाकला.

"तूच शेंदलंस ना, स्तेफन?" बाबा मायेने म्हणाले. "झाकणही तूच लावलंस."

मामांनी निळी नळी जपून काठावर ठेवली, टोपी काढली आणि ते बाबांच्या पायांशी वाकले. बाबांनी त्यांचे खांदे धरून त्यांना मंदिराच्या दाराकडे वळवले. "माझ्यापुढं नको, लेकरा. मी नुसतं मागितलं. दिलं त्यानं."

तिथेच, ओल्या फरशीवर, स्तेफनमामा गुडघे टेकून प्रभूपुढे नतमस्तक झाले. सोमवारी सकाळी घंटा वाजण्याआधीच ते विहिरीवर हजर होते. भाचीच्या बाटलीत त्यांनी पाणी भरले, बाबांपुढे धरले, आणि बाबांचे आमेन होईपर्यंत झाकण हातातच ठेवले.