परीक्षेच्या स्लाइड

"मग माझ्यात कमी काय आहे, सर?"

निरंजन दार ढकलून थेट आत आला होता. बस म्हणायचीही वाट पाहिली नाही पठ्ठ्याने.

उकिडवे सरांनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली. "कमी आहे असं कोण म्हणालं?"

"तुम्ही रिटायर होताय आणि लॅब रझियाच्या हाती देताय. मला हे शिपायाकडून कळावं?"

रझिया! दोघं एकाच वर्षी सरांच्या हाताखाली आले, शेजारी शेजारी बसून स्लाइडवरच्या पेशी बघून निदान करायला शिकले. आता तिच्या हुकमात राहायचं? निरंजनचा नुसता जळफळाट चालला होता. ती समोरून हसत गेली तरी त्याच्या अंगाची लाही व्हायची. एवढा मत्सर आपल्यात आहे, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

"दरवर्षी बाहेरून परीक्षेच्या स्लाइड येतात, सर. आपलं निदान बरोबर येतं का ते तपासायला. माझी आजवर एकही चुकली नाही. तिची यंदा चुकली!"

"चुकली खरी..."

सरांनी चष्मा पुसला.

"तू त्या कशा बघतोस रे?"

निरंजनची छाती फुगली. "दार लावून, पुस्तकं उघडून. एकेक स्लाइड पुन्हा पुन्हा बघतो. तेवढे दिवस बाकीचं काम बाजूला."

"आणि रझिया?"

"ती? रोजच्या पेशंटांच्या स्लाइडच्या ट्रेमध्ये ठेवते आणि त्यांच्यासारख्याच बघून मोकळी होते. बाईसाहेबांना परीक्षेची काही किंमतच नाही!"



सरांनी खिशातून कागदात गुंडाळलेली एक स्लाइड काढून त्याच्यापुढे सरकवली. तिच्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर होता.

"ही बघून सांग. मला शंका आहे."

निरंजनची कळी खुलली. अडलं तेव्हा सरांना शेवटी मीच आठवलो ना! ती नाही! त्याने स्लाइड उचलली, उजेडाकडे धरली आणि जरा घुटमळला.

"सर, ही परीक्षेची आहे... की रोजची?"

 उकिडवे सरांनी हात पुढे केला.

"माझ्या घशातल्या गाठीचा तुकडा आहे, बाळा. दे इकडे, रझिया बघेल."