पानाची मागची बाजू

एका नगरातल्या राजाला पोथ्यांचं वेड होतं. वेड म्हणजे किती? लोक सोयरिकीत दागिने मागतात, ह्या गड्यानं पोथ्या मागितल्या! त्याच्या पोथीशाळेत लाल कापडात बांधलेल्या पोथ्या जमिनीपासून आढ्यापर्यंत रचलेल्या होत्या. जगातलं काय म्हणाल ते तिथं लिहिलेलं होतं. पण सापडेल तर शपथ! विंचवाचा उतारा शोधायला गेलेला माणूस बाहेर येईपर्यंत, ज्याला विंचू चावला तो आपला आपणच बरा होऊन शेतावर गेलेला असायचा.

मग त्या नगरात म्हाळसा नावाची एक विणकरीण आली. पोथीची पानं शिवलेली नसतात, सगळी सुटी असतात. म्हाळसेनं एकेक पान वाचलं आणि त्यात जे जे लिहिलं होतं, त्या त्या गोष्टीचा, घुंगरू लावलेला दोरा त्या पानाला बांधला. दोऱ्यांची दुसरी टोकं दाराजवळच्या खुंट्यांना. प्रत्येक खुंटीवर एकेक शब्द कोरलेला: ताप, विंचू, विहीर, लग्न. ह्या कामात बाईचे केस पांढरे झाले, पण तिनं हात आखडला नाही.

पहिली खुंटी ओढायचा मान शिवदेव वैद्याला मिळाला. खोकल्यावरचं एक पान शोधण्यात त्याचा अख्खा हिवाळा गेला होता. त्यानं ‘खोकला’ ही खुंटी ओढली आणि काय सांगू! साऱ्या पोथीशाळेत घुंगरं वाजायला लागली. कोपऱ्यांतून वाजली, फळ्यांमागून वाजली, जिथं कधी कुणाचा हात पोचला नव्हता तिथूनही वाजली. पानं दोऱ्यांवरून सरसरत खाली आली आणि त्याच्या हातात पडली. शिवदेव एवढा मोठा माणूस, पण त्याच्या डोळ्यांना धार लागली. “आमच्या गुरुजींनी हे बघायला हवं होतं,” एवढंच तो म्हणाला.

पुढं थोड्याच दिवसांनी शिवदेवाची धाकटी लेक, ठकू, तापानं फणफणली. नेहमीच्या काढ्यानं उतार पडेना. पोर डोळे उघडेना, तेव्हा शिवदेव पोथीशाळेकडं धावत सुटला. त्यानं ‘ताप’ ही खुंटी ओढली. घुंगरांचा नुसता गजर झाला. सगळ्यांत आधी जे पान आलं ते त्यानं उचललं, वाचलं आणि तो आनंदानं ओरडलाच. कसलाही ताप असो, प्रहराच्या आत उतरवणारा काढा! बाकीची पानं येत होती तिकडं त्यानं वळूनही पाहिलं नाही.

घरी येऊन त्यानं ते पान भिंतीला टेकवून ठेवलं आणि त्याच्याकडं बघत बघत मुळ्या ठेचल्या. काढा उकळला, गाळला, निवला. त्याची बायको गिरजा वाटी घेऊन ठकूच्या उशाशी बसली.

“ठकू, आ कर गं बाळ,” ती म्हणाली.

शिवदेवानं पान उचललं. वाचून झालेलं पोथीचं पान पालथं ठेवायचं, ही लहानपणापासूनची सवय. मनात नसतानाही हातानं ते केलं. पान पालथं झालं आणि मागची बाजू वर आली. तिथं लिहिलं होतं: ‘हा काढा मोठ्या माणसांना अमृत. लेकराला एक घोटही देऊ नये, जिवावर बेतेल.’

“गिरजे, थांब!”

वाटी पोरीच्या ओठांना लागली होती. शिवदेवानं अशी झडप घातली की वाटी पार चुलीपाशी जाऊन पडली.

“अहो, काय केलंत हे!” गिरजा रडायला लागली.

शिवदेवानं पानाकडं बोट दाखवलं आणि तो तसाच, अनवाणी, पुन्हा पोथीशाळेकडं पळाला.

म्हाळसा दारातच होती. त्यानं धापा टाकत सारं सांगितलं, तशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “वैद्यबुवा, माझ्या दोऱ्यांनी घात केला का हो? तोडून टाकते सगळे!”

“दोऱ्यांनी नाही, बाई. मी मागितलं ते त्यांनी आणून दिलं. पान उलटायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.”

म्हाळसेनं डोळे पुसले. “ताप कुणाला आलाय म्हणालात?”

“लेकराला!”

“मग तेही सांगा की दोऱ्यांना! दोन्ही खुंट्या एकदम ओढा, म्हणजे दोन्ही दोरे ज्याला बांधलेत तेवढंच पान येईल.”

शिवदेवानं एका हातानं ‘ताप’ धरली, दुसऱ्या हातानं ‘लेकरू’, आणि दोन्ही ओढल्या. ह्या वेळी गजर झाला नाही. सगळी पोथीशाळा गप्प. मग वर, पार आढ्याखाली, एकच घुंगरू वाजलं. तेवढ्या पोथ्यांच्या डोंगरातून एकच पान निघालं आणि संथपणे खाली उतरत त्याच्या ओंजळीत येऊन बसलं. त्यानं पान कपाळाला लावलं. मग पुढून वाचलं. उलटलं, मागूनही वाचलं. आणि मगच घराकडं पाऊल टाकलं.

ह्या पानातला काढा पोटात गेला आणि दिवस कलता कलता ठकूला घाम फुटला. तिनं डोळे उघडले आणि पेज मागितली, वर तूप जास्त घाल म्हणाली.

तात्पर्य: हवं ते पान क्षणात हाती आणून देणारं साधन थोरच, पण त्याला नेमकं काय विचारायचं आणि आलेलं पान दोन्ही बाजूंनी कसं वाचायचं, हे काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.