शोधायचा शब्द

एकदा एक वृद्ध, निवृत्त न्यायाधीश आणि त्यांचा शिष्य एका चौकशीच्या कामासाठी एकत्र बसले होते. ही हकीकत शिष्याने पुढे उतारवयात पुष्कळांना सांगितली. पण सांगताना तो दर वेळी अडखळत असे. गुरूंनी शोधायला दिलेला शब्द पहिल्या बैठकीत सांगितला की नंतर, ते तेव्हा हसले होते की नव्हते, याची त्याला खात्री उरली नव्हती. जे आठवते ते खरोखर घडले, की इतक्या वर्षांत आपणच ते घडवत आणले, असाही संशय त्याला येई. तेव्हा ऐकणाऱ्याने तपशील जरा सैल धरूनच ऐकावे.

त्या राज्यात रस्ते आणि पूल ज्यांच्याकडे होते, त्या मंत्र्यांनी सरकारी पत्रव्यवहार सरकारी ई-मेलवर न चालवता स्वतःच्या खासगी खात्यावर चालवला होता. सभांमधून ते लोकांना सांगत, "कचेरीचे उंबरे झिजवू नका. थेट मला लिहा!" आणि आपला खासगी पत्ता देत. वर्तमानपत्रांनी हे उघड केले आणि राज्य दुभंगले. एक पक्ष म्हणे, हा राज्याशी द्रोह आहे. दुसरा म्हणे, ही निव्वळ सोय आहे, आणि तुमच्या मंत्र्यांनी तरी वेगळे काय केले होते? लग्नाच्या पंगतीत कोणाला कोणाशेजारी बसवायचे, हेही याच प्रश्नावर ठरू लागले.

शिष्य तरुण वकील होता. या प्रकरणाचा चौकशी आयोग गुरूंकडे सोपवला होता, आणि त्याचा सचिव म्हणून त्यांनीच शिष्याला बोलावून घेतले होते. तो ज्यांच्या माडीवर उतरला होता ते व्यापारी त्याला रोज सकाळी जिन्यात गाठत.

"काय वकीलसाहेब, आत टाकताय ना त्याला?"

"अजून पुरावा पाहायचाय, शेटजी."

"पुरावा कसला पाहताय? माझा मेहुणा त्याच्या बाजूचा आहे. याहून मोठा पुरावा कोणता?"

शिष्य हसे, पण त्याच्याही मनात निकाल लागून गेला होता. हा मंत्री त्याला आवडत नसे. त्याला शिक्षा व्हावी असे त्याला फार वाटे, आणि असे वाटते म्हणून भीतीही वाटे. आपण पक्षपाती आहोत हे शिकलेल्या माणसाला कळते. पण कळल्याने पक्षपात जात नाही.

मंत्र्यांच्या खात्याची संपूर्ण प्रत आयोगाच्या खोलीतल्या संगणकावर आणून ठेवली होती. पत्रे इतकी होती की सगळी वाचणे अशक्य. म्हणून असे ठरले, की प्रत्येक बाजूने शोधायचे शब्द द्यावेत आणि त्या शब्दांची पत्रे शिष्याने बाहेर काढावीत. विरोधकांच्या वकीलबाईंनी शब्द दिले: 'गोपनीय', 'टक्केवारी', 'परदेश'. मंत्र्यांच्या वकिलांनी दिले: 'वाढदिवस', 'औषध', 'नातू', कारण खाते घरगुती आहे हे त्यांना दाखवायचे होते. दोघांनाही हवे ते सापडले. दोघेही प्रसन्न झाले.

ते निघून गेल्यावर गुरू म्हणाले, "आता माझा एक शब्द घाल."

"कोणता, सर?"

"विनंती."

शिष्याने तो शब्द घातला. पडद्यावर पत्रांची रांग उतरू लागली आणि थांबेना. कोणाच्या गावचा रस्ता खचला होता, कोणाच्या दवाखान्यापर्यंत गाडी जात नव्हती. मंत्र्यांवर विश्वास ठेवून लोकांनी थेट लिहिले होते. बहुतेक पत्रे उघडलेलीसुद्धा नव्हती. आणि ती सरकारी कचेरीत कधी पोहोचलीच नसल्याने तिथेही कोणाला त्यांचा पत्ता नव्हता.

त्यांत डोंगरातल्या एका वाडीच्या शिक्षिकेचे पत्र होते. ओढ्यावरच्या लाकडी साकवाचे खांब कुजले आहेत, मुले त्यावरूनच शाळेत येतात, पावसाआधी दुरुस्ती व्हावी ही विनंती. दुरुस्ती होत नसेल तर साकव निदान बंद तरी करावा. आम्ही सांगून लोक ऐकत नाहीत, सरकारने सांगितले तर ऐकतील. तिने पुन्हा लिहिले होते. मग आणखी एकदा, थोडक्यात.

पाऊस पंधरवड्यावर आला होता.

दुसऱ्या दिवशी गुरूंनी दोन्ही वकिलांना विचारले, "ही पत्रे संबंधित कचेऱ्यांकडे पाठवून लोकांना उत्तरे द्यावीत, असं मला वाटतं. तुमची संमती आहे?"

मंत्र्यांचे वकील ताडकन म्हणाले, "मुळीच नाही! पत्रं खासगी आहेत. सरकारनं उत्तर दिलं की ती सरकारी ठरली. मग आमच्या बचावात उरलं काय?"

वकीलबाई म्हणाल्या, "आमचीही हरकत आहे. आता उत्तरं गेली तर उद्या हेच म्हणतील, नुकसान कुठे झालं? अहवाल येईपर्यंत पत्रांना हात लावू नये."

"अहवालाला दिवाळी उजाडेल, बाई."

"मग दिवाळी."

गुरूंनी मान हलवली. त्या दुपारी त्यांनी संगणक स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने एक एक अक्षर दाबत उत्तर लिहू लागले. "आपले पत्र मिळाले. उत्तरास फार उशीर झाला, याबद्दल क्षमा असावी." प्रत्येक पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे रवाना होऊ लागले. साकवाचे सर्वांत आधी गेले, आणि त्यावर त्यांनी आयोगाच्या अधिकारात लिहिले: आजच बंद करावा.

शिष्य कासावीस झाला. "सर, आपण पुराव्याला हात लावताय. अहवाल न्यायालयात टिकणार नाही."

"नाही टिकणार."

"म्हणजे तो सुटेल!"

"बहुधा सुटेल. पत्ते वाचून दाखव, मला बारीक अक्षर दिसत नाही."

शिष्याने पत्ते वाचून दाखवले. पण त्याचा आवाज चढला होता आणि तो लपवण्याचा त्याने प्रयत्नही केला नाही.

बातमी फुटलीच. पुढच्या सुनावणीत दोन्ही वकील प्रथमच एका बाजूला उभे राहिले. मंत्र्यांचे वकील गरजले, "हे पोस्टमनचं काम आहे, आयोगाचं नव्हे!"

"खरं आहे," गुरू म्हणाले. "पोस्टमन आला असता तर मी बसलो नसतो."

पुढे शिष्याला ज्याचे भय होते तेच झाले. वरिष्ठ न्यायालयाने आयोग रद्द केला. मंत्र्यांची हत्तीवरून मिरवणूक निघाली. विरोधक म्हणाले, म्हातारा विकला गेला. मंत्र्यांचे लोक म्हणाले, म्हातारा विरोधकांचाच होता, पण त्याला नीट जमले नाही. शेटजींनी जिन्यात गाठून डोळा मिचकावला, "तुमच्या सरांना किती मिळाले हो?" त्या दिवशी शिष्याने माडी सोडली.

सामान घेऊन तो थेट गुरूंच्या घरी गेला. गुरू ओसरीवर वाल सोलत बसले होते.

"सर, तो माणूस दोषी होता."

"होता. माझ्या मनात शंका नव्हती."

"आणि आपण त्याला सोडलंत."

"बस आधी." गुरूंनी सुपातले थोडे वाल त्याच्यापुढे सारले. मग ते म्हणाले, "तू पुष्कळ शब्द शोधलेस. त्या बाजूचे, या बाजूचे. त्या सगळ्या शब्दांनी एकच गोष्ट शोधली जात होती: मंत्री. एकाला तो चोर सापडायला हवा होता, दुसऱ्याला आजोबा. ज्यांनी पत्रं लिहिली, त्यांना कोणी शोधतच नव्हतं. पत्रं मंत्र्याची की सरकारची, यावर राज्य भांडलं. अरे, पत्र आधी लिहिणाऱ्याचं असतं. उत्तर मिळेपर्यंत ते त्याचंच असतं. मंत्र्याचा अपराध दिवाळीपर्यंत तसाच राहिला असता, तो काही नासत नाही. लाकूड मात्र नासतं."

"पण न्याय?"

गुरूंनी हातातला वाल सोलून बाजूला ठेवला. "तोही बुडाला," ते म्हणाले. "ते माझ्या खात्यावर मांड. मी दोन्ही करू शकलो असतो तर केलं असतं. मला एकच करता आलं. चुकलो असेन."

शिष्याचे या उत्तराने समाधान झाले नाही. गुरूंनी ठामपणे सांगितले असते, तर त्याने कदाचित ऐकले असते. "चुकलो असेन" या शब्दांनी मात्र त्याची झोप उडवली. मंत्री पुन्हा निवडून आले, त्या रात्री त्याने गुरूंना मनातल्या मनात दोष दिला. गुरू गेले, तेव्हा त्यांच्यावरच्या लेखांत हा प्रसंग दोन ओळींत उरकला होता आणि त्या दोन ओळींत 'कायदेशीर चूक' असा शब्द होता. शिष्याला तो पूर्णपणे खोटा म्हणता येईना. ती पत्रे पोहोचली तरी का, आणि पोहोचून काही झाले का, हे त्याला ठाऊक नव्हते. विचारायला जायचे धैर्य त्याने पुष्कळ वर्षे केले नाही. कारण उत्तर "काहीच नाही" असे आले, तर गुरूंबरोबर आपलेही सगळे व्यर्थ गेले असे ठरेल, असे त्याला वाटे.

केस पांढरे झाल्यावर एका व्याख्यानाच्या निमित्ताने तो त्या तालुक्यात गेला आणि गाडी वाडीकडे वळवायला सांगितली. ओढ्यावर आता सिमेंटचा पूल होता. ती शिक्षिका निवृत्त होऊन तिथेच राहत होती. त्याने आपण कोण हे सांगितले नाही; फक्त जुन्या साकवाविषयी विचारले.

"ते होय? चौकशीवाल्या कुणा म्हाताऱ्या साहेबांचं उत्तर आलं, आणि दुसऱ्या दिवशी तलाठी माणसं घेऊन हजर! दोन्ही तोंडांना काटेरी झापं ठोकून वाट अडवली. लोक मलाच शिव्या घालत होते. लांबच्या वाटेनं कोण जाणार, बाई, म्हणून. एकानं तर माझ्या दारात येऊन, सरकार तुझं मेहुणं लागतं का, असं विचारलं!" ती हसली. "पण गेले बाई लांबच्या वाटेनं."

माणसे पाहुण्याला बरे वाटेल असे सांगतात, हे शिष्याला चौकशीच्या कामातून ठाऊक होते. म्हणून त्याने वाडीत आणखी दोन घरी वेगवेगळे विचारले, आणि परतताना तालुक्याच्या कचेरीतही. सगळीकडे एकच उत्तर मिळाले.

साकव त्याच वर्षी आषाढात, शाळा सुटण्याच्या वेळेला वाहून गेला. त्यावर कोणीही नव्हते.