तोंड कोणी हुंगायचं
फार जुन्या काळी एका माळावर मेंढ्यांचा कळप होता आणि राखणीला चार कुत्रे. कोकरू फाडलेलं सापडलं की म्होरक्या कुत्रा बाकीच्यांची तोंडं हुंगायचा आणि सांगायचा, "लांडग्याचं काम आहे." लांडगा मात्र कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

झिपरी मेंढीचं कोकरू गेलं, तेव्हाही तो हेच म्हणाला. पण रक्ताचे थेंब काळ्या कुत्र्याच्या बसायच्या जागेपर्यंत गेलेले तिने पाहिले होते.

"तुमची तोंडं तुम्हीच हुंगायची आणि निकालही तुम्हीच द्यायचा?" झिपरी कडाडली. "यापुढे मेंढ्या हुंगतील."

"हुंगा की," म्होरक्या म्हणाला. "आधी काळ्याला ओढ्यावर पाणी पिऊन येऊ दे."

"तोंड धुऊन येऊ दे, असं म्हण."

"असा अपमान केलात, तर लांडगा आल्यावर कोण धावेल?"

"लांडगा आला तर आम्हाला पळता तरी येतं. तुम्ही जवळ आलात की आम्ही निर्धास्त चरत राहतो."

सगळा कळप ओढ्याच्या वाटेवर आडवा उभा राहिला. झिपरी काळ्याच्या नाकासमोर जाऊन म्हणाली, "उघड तोंड."

रात्रंदिवस भुंकणाऱ्या त्या कुत्र्याने जबडा घट्ट मिटून घेतला.