वांगी रंगाची मोटार

मोटारींना तोंड होतं आणि त्या ते मिटत नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. कोल्हापुरात एका मिस्त्रीच्या शेडात शर्यतीच्या तीन जुन्या मोटारी धूळ खात पडलेल्या. दोन पांढऱ्या, आणि तिसरी कंपनीतनंच वांगी रंगात आलेली. तिला सगळे वांगीच म्हणायचे.

एक दिवस कळलं, जुन्या गाड्यांची शौकीन चंद्राआक्का घाटगे गाडी बघायला येणार. एकच नेणार, उरलेल्यांत मिस्त्री कोंबड्या पाळणार. झालं! पांढऱ्या दोघींनी पोचे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवले आणि वरनं लालभडक रंग मारून घेतला.

"वांगे, तू पण मारून घे की गं! तुझ्याकडं बघून आक्काला बाजाराची पिशवी आठवंल!"

वांगी रडकुंडीला आली. रंगाच्या फवाऱ्याला म्हणाली, "दादा, माझ्यावर पण उडव की."

"डबा संपला, बाई. ह्या दोघींनीच चाटून पुसून नेला."

आक्का आली. तिनं पिशवीतनं लोहचुंबक काढलं आणि लाल दारांवर ठेवून बघितलं. दोन्हीकडनं ते घसरून पडलं.

"आक्का, आत नुसती लांबी हाय, पत्रा कुठाय?" चुंबक ओरडलं.

वांगीला मात्र ते टच्चकन चिकटलं. आक्का ओढून दमली. "सोड की मेल्या!"

"थांबा हो! अस्सल पत्रा, अस्सल रंग, लई दिवसांनी भेटलाय."

"खरंय रे. लाल गाड्या गल्लोगल्ली हायत, अशी ही एकच," म्हणत आक्कानं चुंबकासकट गाडी बाहेर काढली.

वांगी अशी लाजली, अशी लाजली, की आणखी थोडी लाजली असती तर लालच झाली असती.