चौथं ताट सासूबाईंचं

"अळंबी उगवते ती जागा दाखव, नाहीतर उद्याच्या उद्या गाव सोड!" राजा उदयभानानं फर्मावलं आणि हिरूनं हातातली अळंबीची टोपली खाली ठेवली.

हिरू आणि त्याची लेक ठमी दर पावसाळ्यात गडावर अळंबी आणून देत. रानातल्या कुठल्याशा वारुळावर ती उगवायची. कुठल्या, ते फक्त या दोघांना ठाऊक. हिरूनं सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या रानाची रीतच होती तशी. जागा फुटली की चारजण येऊन वारूळ उकरणार, मग पुढच्या वर्षी कसली अळंबी! राजाला ही रीत मुळीच पसंत नव्हती. अळंबीचं त्याला इतकं वेड, की त्या वारुळाभोवती भिंत घालून पहारा बसवायचा त्याचा बेत होता.

"शिवाय विषारी छत्र्याही अगदी तशाच दिसतात म्हणे," राजा म्हणाला. "जागा माझ्या ताब्यात असली की भीती नको."

"भीती कशाची, म्हाराज?" ठमी पुढं झाली. "खऱ्या अळंबीची मुळी खोल वारुळात उतरलेली असती. आमी बघून, चाचपून आणतो. आजवर एकदा तरी चुकलो का?"

झालं! राजाला तेवढंच हवं होतं.

"इतकी ओळख आहे? मग उद्या चार ताटांत भाजी वाढून ठेवतो. अळंबीची आणि विषारी छत्र्यांची! खरी किती ते सांगणार नाही. कदाचित चारही विषारी असतील! कोणतं ताट खायचं ते तू सांगायचं. वास घ्यायचा नाही, चाखायचं नाही, बोट लावायचं नाही, कुत्र्यामांजराला घालायचं नाही. चुकलीस तर जागा माझी!"

"आन् बरोबर सांगितलं तर?"

"तर मागशील ते!"

घरी येताच हिरूनं कपाळावर हात मारला. "अगं, मसाल्यात शिजल्यावर देवालाबी वळखू यायची न्हाई!"

"मला तरी कुठं येतीय?" ठमी हसत म्हणाली. "बा, राजाच्या पंगतीला कोण कोण बसतं रं?"

लेकीला वेड लागलं, अशी हिरूची खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी दरबार गच्च भरला. चार ताटं, चारही ताटांत भाकरी आणि तोच काळा रस्सा. शिजवलं होतं दाजीबा आचाऱ्यानं, पण वाढलं होतं राजानं स्वतःच्या हातानं, दार लावून. कोणत्या ताटात काय, हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"म्हाराज, ताट उचलून वाढायला तर बंदी न्हाई न्हवं?" ठमीनं विचारलं.

"वाढ की!" राजा मिशीतल्या मिशीत हसला.

ठमीनं पहिलं ताट उचललं ते थेट राणीसाहेबांपुढं! "घ्या राणीसाहेब, गरम हाय तंवर."

"थांब!" राजा किंचाळला. राणी बिचारी चक्क लाजली.

दुसरं ताट राजकन्येपुढं. तिनं भाकरी मोडलीसुद्धा! राजा सिंहासनावरून उडी मारून धावला, स्वतःच्याच शेल्यात पाय अडकून पालथा पडला आणि पडल्या पडल्या त्यानं ताट ओढलं.

तिसरं ताट दाजीबा आचाऱ्यापुढं.

"दाजीबा! खबरदार!" राजानं अशी डरकाळी फोडली की छतावरची पाखरं उडाली. "तू गेलास तर माझ्या पुरणपोळ्यांचं काय?"

"माझ्या वेळी एवढे ओरडला नव्हतात!" राणी फणकारली.

आता कुठं राजाच्या डोक्यात प्रकाश पडला. ही पोर आपल्यालाच बोलतं करतेय! त्यानं ओठ घट्ट मिटले. आता काही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

चौथं ताट ठमीनं ठेवलं राजाच्या सासूबाईंपुढं. या बाई दिवाळीला चार दिवस म्हणून आल्या होत्या, त्या श्रावण लागला तरी हलल्या नव्हत्या.

राजा गप्प. छताकडं बघत बसला.

सासूबाईंनी घास उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबल्या. "जावईबापू, ओरडत का नाही?"

राजा गप्पच! सासूबाईंनी घास हळूच खाली ठेवला. दरबाऱ्यांनी हसू दाबायला शेले तोंडात कोंबले.

ठमीला मात्र हसायची सोय नव्हती. आता नुसता अंदाज चुकला तरी वारूळ गेलं! क्षणभर तिनं विचार केला आणि ते ताट उचलून राजापुढं ठेवलं. "म्हाराज, आईसाहेबांना भूक दिसत न्हाई. तुमीच घ्या."

राजानं ताटाकडं पाहिलं. मान फिरवली. पुन्हा पाहिलं. सकाळपासून उपाशी होता बिचारा. एक घास घेतला, मग दुसरा, आणि बघता बघता ताट पुसून साफ!

"ह्येच खायचं ताट!" ठमीनं टाळी वाजवली. "बाकीची तिन्ही खड्ड्यात पुरा!"

"कसं ओळखलंस?" राजानं बोटं चाटत विचारलं.

"अळंबी कुठं वळखली, म्हाराज? तुमाला वळखलं! तिघांना तुमी वरडून वाचवलं. आईसाहेबांच्या वक्ताला गप बसला. आता त्ये भाजी चांगली म्हणून, का सासूबाई म्हणून, त्येच मला कळंना. म्हणून ताट तुमच्याम्होरं ठेवलं!"

"मलाही तेच कळेना, बाई!" सासूबाई म्हणाल्या आणि दरबारात हास्याचा स्फोट झाला. राजा तर पोट धरून लोळायचाच बाकी राहिला. मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यानं ठमीच्या हातात घातलं. "माग, काय हवं ते माग!"

"जागा आमची आमाला ऱ्हाऊ द्या. भिंत नको, पहारा नको."

"दिली! पण ठमे," राजा वाकून हळूच म्हणाला, "माझ्या एकट्याच्या कानात सांग ना. कुणाला म्हणून सांगणार नाही!"

"म्हाराज, चार ताटांचं गुपित तुमच्या पोटात घटकाभर ऱ्हायलं न्हाई. माझं वारूळ कसं ऱ्हाईल?"

राजा पुन्हा हसत सुटला. मग डोळे पुसत त्यानं तिथल्या तिथं दवंडी पिटवली: रानात हिरू-ठमीच्या मागावर जो कुणी जाईल, त्याला महिनाभर राजाच्या सासूबाईंच्या सेवेत धाडलं जाईल!

त्या दिवसापासून ठमीच्या मागावर कुणी फिरकलं नाही. राजासुद्धा नाही!